अ‍ॅक्सेप्ट दाबून दाबून अंदाज गेला

पत्र :

ताई, नमस्कार. मी १९ वर्षं एका कारखान्याच्या स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये आहे, आधी स्टोअरकीपर आणि आता प्लॅनर. पूर्वी रॅकसमोर नुसतं उभं राहिलं तरी कळायचं की कुठलं बेअरिंग किती मागवायचं. तीन वर्षांपूर्वी नवीन सिस्टीम आली, ती रोज सकाळी यादी देते आणि मी अ‍ॅक्सेप्ट दाबतो. आकडा बदलला तर कारण लिहावं लागतं आणि महिन्याच्या मीटिंगला साहेब विचारतात की इतक्या वेळा का बदललं, म्हणून हल्ली बदलतच नाही. मागच्या महिन्यात सिस्टीम दिवसभर बंद पडली. मेंटेनन्सवाले विचारायला आले की ह्या सीलचे किती नग आहेत, पुढच्या आठवड्यापर्यंत पुरतील का, आणि मला सांगताच आलं नाही. माझ्या हाताखाली एक नवीन मुलगी आलीये, ती माझ्याकडे बघत होती. फार लाज वाटली. मी मठ्ठ होत चाललोय का? रिटायरमेंटला सहा वर्षं आहेत, तोवर बटण दाबत बसू की बदली मागू? पार्टनुसार नोंदी केलेली एक जुनी वही आहे माझी, ड्रॉवरमध्ये पडलीये, ती पण टाकून द्यावीशी वाटते.

– नाव नको

दादा,

वही टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मठ्ठ वगैरे काही झालेला नाहीत तुम्ही. त्या दिवशी तुम्हाला आठवला नाही तो फक्त आकडा. ते सील कुठल्या मशिनला लागतं, का फाटतं, कुठला सप्लायर हो हो म्हणून दोन आठवडे उशीर करतो, हे कुणी विचारलं असतं तर तुम्ही झोपेतून उठून सांगितलं असतं, पैज लावते. आकडा पूर्वी रोज तुमच्या डोळ्याखालून जायचा, तुम्ही तो हाताने लिहायचात, रॅक उघडून बघायचात, म्हणून तो तोंडपाठ होता, आता तुमच्या डोळ्याखालून फक्त हिरवं बटण जातं तर आकडा कुठून राहणार लक्षात?

पण नुसता धीर देऊन थांबत नाही, कारण तुमची भीती अगदीच खोटी नाहीये. सराव गेला की अंदाजही हळूहळू जातो. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ऑटोमेशनच्या ह्याच गमतीवर एक लेख लिहिला होता, तेव्हा विषय कारखान्यांच्या कंट्रोल रूमचा होता पण वाचताना वाटतं तुमचंच पत्र वाचून लिहिलाय. त्यांचं म्हणणं असं की सोपं रोजचं काम मशिनला दिलं जातं आणि माणसाला ठेवलं जातं कशाला, तर मशिनला जमणार नाही त्या अवघड वेळेसाठी. आता त्या अवघड वेळेला जो सराव लागतो तो येतो कुठून? त्याच सोप्या रोजच्या कामातून, जे काढून घेतलंय. त्या म्हणतात की नुसती देखरेख करत बसलेला एके काळचा अनुभवी ऑपरेटर आता कदाचित अननुभवी झालेला असतो. तुमच्या त्या दिवसाचं वर्णन ह्याहून नेमकं मला तरी करता येणार नाही.

आणि देखरेख म्हणाल तर ते कामच माणसाच्या स्वभावाला धरून नाही. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थने रडारवाल्यांसाठी एक प्रयोग केला होता, घड्याळासारखा काटा टक टक पुढे सरकत राहतो आणि कधीतरी मधेच दुप्पट उडी मारतो, ती उडी दिसली की सांगायचं, बस. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या जास्त सुटायला लागल्या. तुम्ही रोज सकाळी लांबलचक यादी बघता आणि त्यातल्या बहुतेक ओळी बरोबरच असतात, मग चुकीची एक ओळ नजरेतून निसटली तर त्यात तुमचा आळशीपणा शोधू नका.

ह्यावरून एक जहाजाची गोष्ट आठवते, मला फार आवडते ती, म्हणजे त्यात कुणी मेलं नाही म्हणून आवडते असं म्हणायला हरकत नाही. जून १९९५, रॉयल मॅजेस्टी नावाचं क्रूझ जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं, जहाजावर १५०९ माणसं. निघाल्यावर तासाभरात जीपीएसच्या अँटेनाची वायर सुटली. जीपीएस बंद नाही पडलं, ते आपलं वेग आणि दिशा धरून हिशोबाने जागा दाखवत राहिलं, वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलतायत हे त्याला कळायचं काही साधनच उरलं नव्हतं, आणि स्क्रीनवर त्याची खूण म्हणजे बारीक दोन-चार अक्षरं. जवळजवळ ३४ तास जहाज असंच गेलं आणि अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ वाळूत रुतलं, जिथे आहोत असं वाटत होतं तिथून १७ मैलांवर. ह्या सगळ्यातला मला सगळ्यात जास्त लागलेला भाग पुढे आहे. वाटेत जे बोये, म्हणजे जहाजांना वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणा, दिसायला हवे होते त्यातला एक ड्युटीवरच्या ऑफिसरला दिसलाच नव्हता, तरी त्याने कॅप्टनला दिसला म्हणून सांगितलं. स्क्रीन म्हणतेय आपण बरोबर आहोत म्हणजे बोया असणारच ना, असं. तो काही नवशिका नव्हता.

तुमच्या बाबतीत बोया म्हणजे रॅक. सिस्टीम म्हणते ४० नग आहेत, तुम्ही शेवटचं रॅक उघडून कधी मोजलंत? मला उत्तर नको, स्वतःला द्या.

आता तुमच्या सिस्टीमकडे येते, कारण ती नेमकी कुठे आंधळी आहे ते तुम्हाला माहितीये पण तुम्ही तो तुमचा 'जुना स्वभाव' समजून गप्प बसताय असं पत्रावरून वाटलं. अशा सिस्टीमला प्रामुख्याने मागचं कन्झम्प्शन दिसतं, म्हणजे काय इश्यू झालं ते. समजा एखादं सील दोन महिने स्टॉकमध्येच नव्हतं, फिटर आला, नाही म्हणून ऐकलं, कुठूनतरी जुनं साफ करून बसवलं आणि गेला. सिस्टीममध्ये त्या दोन महिन्यांचं कन्झम्प्शन शून्य. खास ती सोय केलेली नसेल तर ती ह्याचा अर्थ लावते की गरज नव्हती, आणि पुढच्या वेळी अजून कमी सुचवते. तसंच उलटं, मागच्या वर्षी एखादी खराब बॅच आली आणि बेअरिंगं पटापट गेली, तर ती धरून बसते की दर वर्षी एवढी लागतात. त्यातून स्पेअरची मागणी म्हणजे सहा महिने शून्य, मग एकदम पाच, मग परत शून्य. अशा तुटक मागणीला साधी सरासरी चालत नाही हे तुमच्या आमच्या आधी लोकांना कळलेलं आहे, १९७२ मध्येच क्रॉस्टन नावाच्या माणसाने त्यासाठी वेगळी पद्धत मांडली होती, मागणी किती येते आणि किती दिवसांनी येते हे दोन वेगवेगळं मोजायची. तुमच्या सिस्टीममध्ये तुटक मागणीच्या पार्टना वेगळी सेटिंग आहे का हे आयटीवाल्यांना नक्की विचारा, बरेचदा सोय असते आणि कुणी चालूच केलेली नसते.

आणि पुढच्या महिन्यात शटडाऊन आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी मशिन बंद ठेवणारेत, हे सिस्टीमला कुणी सांगितलंय का? तुम्हाला माहीत असतं कारण तुम्ही मेंटेनन्सवाल्यांशी बोलता.

इथवर तुमच्या बाजूने बोलले, आता जरा उलट बोलते, रागवू नका. साहेब विचारतात की इतक्या वेळा का बदललं, हा प्रश्न अगदीच वाईट नाहीये. २००९ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, चार कंपन्यांचे ६० हजारांहून जास्त विक्रीचे अंदाज घेतले आणि बघितलं की कॉम्प्युटरचा आकडा माणसाने बदलल्यावर सुधारला का बिघडला. मोठे बदल केले होते तिथे बहुधा सुधारला, कारण माणूस मोठा बदल करतो तेव्हा त्याच्याकडे काहीतरी ठोस माहिती असते. छोटे छोटे बदल, म्हणजे ५० चे ५३ आणि २० चे १८, त्यांनी बरेचदा बिघडवला. आणि आकडा कमी करणारे बदल वाढवणाऱ्या बदलांपेक्षा जास्त कामाचे ठरले, वाढवताना लोक आशेवर वाढवतात. ते विक्रीचं होतं आणि तुमचं स्पेअरचं आहे, थोडा फरक राहील, पण मला वाटतं तुम्ही पहिल्या वर्षी रोज दहा ओळी चिमूटभर इकडे तिकडे करत असणार, सवयीने, आपलाही हात लागला पाहिजे म्हणून. तसं असेल तर ते सोडा. हाताशी ठोस कारण असेल तिथेच बदला, पण तिथे मग भीड न ठेवता मोठा बदल करा आणि कारण नीट लिहा. मग मीटिंगमध्ये तुमचे महिन्याला सहा बदल असतील आणि सहाही सांगण्यासारखे असतील.

कारण लिहायच्या त्या चौकटीत 'अदर' निवडून पुढे जाऊ नका. मला माहितीये वेळ नसतो. पण लिहा, शटडाऊन अमुक तारखेला, तमुक मशिन उघडणार, फिटरशी बोललो. तारखेसकट. ह्याचं एक कारण पुढे त्या मुलीबद्दल बोलताना येईल, दुसरं कारण जरा कडू आहे. सिस्टीम चुकते तेव्हा कागदावर सही तिची नसते, तुमची असते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण वाचलं असेल तुम्ही, तिथे हिशोबाची हॉरायझन नावाची सिस्टीम आणली, ती छोट्या शाखांच्या हिशोबात नसलेली तूट दाखवायची आणि शाखा चालवणाऱ्यांना ती खिशातून भरायला लावायचे, १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून जास्त लोकांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशोब असले गुन्हे शाबीत झाले, काही जण तुरुंगात गेले. मदतीला फोन केला की बऱ्याच जणांना सांगायचे, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की सिस्टीममध्येच दोष होते, तोवर कित्येकांची आयुष्यं विस्कटून गेली होती. तुमच्याकडे असं काही होणारे असं मी म्हणत नाहीये, सील आणि बेअरिंगवरून कुणी तुरुंगात जात नाही. पण सिस्टीम चुकीची वाटली तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकून ठेवायची सवय लावा, तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नसतं.

आता अंदाज परत कसा आणायचा. कोर्स बिर्स काही नको. रोज सकाळी सिस्टीम उघडायच्या आधी पाच पार्ट घ्या, फक्त पाच, महाग किंवा मशिन बंद पाडणारे, आणि कागदावर लिहा की स्टॉक किती असेल आणि किती मागवावे लागतील. मग रॅक बघा. मग सिस्टीम उघडा. क्रम हाच ठेवा, कारण एकदा स्क्रीनवरचा आकडा दिसला की आपला आकडा त्याच्या जवळ जाऊन बसतो, कितीही ठरवलं तरी, हे मोठमोठ्या डॉक्टरांचंही होतं. मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचणाऱ्या २७ रेडिऑलॉजिस्टवर एक प्रयोग झाला होता, २०२३ मध्ये छापून आला, त्यात एआयने मुद्दाम चुकीचं उत्तर सुचवलं तेव्हा नवीन तर नवीन, अनुभवी डॉक्टरांचीही उत्तरं त्याच्यामागे घसरली.

डॉक्टरांचंच अजून एक सांगते. पोलंडमध्ये चार ठिकाणी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करणाऱ्या डॉक्टरांना आतड्यातल्या गाठी दाखवणारा एआय दिला, काही तपासण्या त्याच्यासोबत व्हायच्या, काही त्याच्याशिवाय. २०२५ मध्ये निष्कर्ष आला, एआयशिवायच्या तपासण्यांमध्ये धोक्याच्या गाठी सापडायचं प्रमाण आधी २८.४ टक्के होतं ते एआय आल्यानंतर २२.४ टक्के झालं. काही महिन्यांत. ही मंडळी दोन दोन हजार तपासण्या करून बसलेली. एका अभ्यासावरून शेवटचा शब्द बोलू नये, पेशंट वेगळे असतील, कामाचा ताण वाढला असेल, तरी दिशा तुमच्या ओळखीची आहे ना?

विमानवाल्यांनी हे आधीच मनावर घेतलंय. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने जानेवारी २०१३ मध्ये एअरलाइन्सना पत्रक काढून सांगितलं की शक्य असेल तिथे पायलटना हाताने विमान चालवायला द्या. वरून ठरवून वेळ दिल्याशिवाय सराव होत नाही हे त्यांना कळलं. म्हणून तुम्हीही हे चोरून करू नका, साहेबांकडून रोजची २० मिनिटं मागून घ्या. मागताना 'माझं कौशल्य जातंय' असं म्हणू नका, कोणी लक्ष देत नाही, खरंच सांगते. 'मागच्या महिन्यात सिस्टीम बंद होती तेव्हा आपण मेंटेनन्सला उत्तर देऊ शकलो नाही, परत बंद पडली तर काय करायचं त्याची तयारी करतो' असं म्हणा. साहेबांना तो दिवस आठवत असेल, त्यांनाही कुणीतरी विचारलं असेल.

सगळंच वाचवायचा हट्ट मात्र नको. मी लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं एका ऑफिसात हिशोब लिहायचे, लांबलचक बेरजेवर नुसतं बोट फिरवून चूक कुठेय ते सांगायचे, लोक बोलवायचे मला त्यासाठी. आता सात ओळींची बेरीज करताना घाम फुटतो. वाईट वाटतं का, थोडं वाटतं, कारण मिरवायची गोष्ट होती ती. पण बेरीज गेली ते बरंच झालं, तो वेळ माझा नको तिथे खर्च होत होता. अडीचशे आकडा बघून 'हे अडीच हजार असायला हवं, एक शून्य कुठेतरी सांडलंय' असं अजूनही चटकन वाटतं आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं. एवढं मी धरून ठेवलंय. तुम्ही पण ठरवा, ३० हजार पार्टचा स्टॉक डोक्यात ठेवणं हे माणसाचं काम नव्हतंच, नट, बोल्ट, वॉशर सिस्टीमला द्या आणि निवांत अ‍ॅक्सेप्ट दाबा.

त्या मुलीचं. ती तुमच्याकडे बघत होती म्हणून तुम्हाला लाज वाटली, पण ती काय बघत होती ह्याचा विचार केलात का? मला वाटतं ती घाबरली असेल, की ह्यांना नाही सांगता आलं तर मला कधी येणार. तुमच्याकडे परत आणायला काहीतरी आहे तरी, तिच्याकडे ते कधी तयारच झालेलं नाही. 'आमच्या वेळी' सुरू करू नका, पहिल्या वाक्यालाच तिचं लक्ष उडेल. त्या पाच पार्टच्या खेळात तिला घ्या. तिने आधी आकडा सांगायचा, मग तुम्ही, मग रॅक. ती चुकली तर लगेच उत्तर देऊ नका, विचारा की का वाटलं. आणि फाटलेलं सील हातात द्या तिच्या, फिटरकडे घेऊन जा, त्याच्याशी तिची ओळख करून द्या, कारण तुमची अर्धी हुशारी त्या ओळखीत आहे हे तुम्ही विसरलाय.

तिच्या बाजूनेही एक सांगायला हवं, सिस्टीम तिच्यासाठी वाईटच आहे असं नाही. कस्टमर सपोर्टच्या पाच हजारांहून जास्त लोकांना उत्तरं सुचवणारा एआय दिला तेव्हा सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं आणि नवीन, कमी जमणाऱ्या लोकांचं ३४ टक्क्यांनी, मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. का, तर तो एआय मुरलेल्यांच्याच जुन्या संभाषणांवरून शिकला होता. म्हणजे मुरलेल्यांची अक्कल सिस्टीममधून नवीन मुलांपर्यंत पोचली, पण त्या मुरलेल्यांना त्याचं वेगळं काही मिळालं का हा प्रश्न राहतोच, आणि पुढच्या वेळी सिस्टीम कुणाकडून शिकणार हाही. तुम्ही कारणांच्या चौकटीत 'अदर' लिहून सुटलात तर तुमच्याकडून तरी नाही.

बदलीचं विचारलंत. दुसऱ्या डिपार्टमेंटलाही आज ना उद्या हीच सिस्टीम येणार आणि तिथे तुमची १९ वर्षं नसतील, त्यामुळे ह्या कारणासाठी तरी जाऊ नका. एक गोष्ट झाली तर मात्र माझं मत बदलेल. आकडा बदलायची सोयच काढून घेतली आणि स्टॉक संपल्याचा जाब तरीही तुम्हालाच विचारत राहिले, तर मग अर्ज लिहा, मी ड्राफ्ट तपासून देते.

वहीत शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची असेल. त्याच्याखाली त्या बंद दिवसाची नोंद करा, कुठलं सील मागितलं, तुम्ही काय सांगायला हवं होतं, प्रत्यक्षात किती निघाले. आणि त्यापुढची नोंद त्या मुलीच्या अक्षरात होऊ द्या.

– ताई